चौघांचा प्रोजेक्ट

ऐंशीच्या दशकात पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांच्या पायांना तपकीर गल्लीची सवय झालेली असे. बुधवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, ट्रान्सफॉर्मर सगळं सुटं मिळायचं. चौघांनी वर्गणी काढायची, यादी करायची आणि सायकली काढून निघायचं. एखादी आयसी तिथे मिळाली नाही, तर कुणीतरी सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं आणि लॅमिंग्टन रोडवरून ती घेऊन संध्याकाळी त्याच गाडीने परतायचं. तो परत येईपर्यंत बाकीच्या तिघांचं काम अडलेलं असे. गटात आपली गरज आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे.

आमच्या वेळचा प्रोजेक्ट अंगमेहनतीचा होता. तांब्याच्या बोर्डावर रंगाने सर्किट काढायचं, तो फेरिक क्लोराईडच्या द्रावणात हलवत बसायचं, मग बारीक ड्रिलने भोकं पाडायची. बोटं आठवडाभर पिवळट राहत. ज्याचा हात स्थिर तो सोल्डरिंग करी, ज्याचं अक्षर रेखीव तो ट्रेसिंग पेपरवर आकृत्या काढी, ज्याला इंग्रजी बरं जमे तो रिपोर्टचा मसुदा लिही. उरलेला टायपिस्टकडे ठाण मांडून बसे, कारण एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं पुन्हा टाइप करावी लागत. मराठी शाळेतून आलेला, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा लेथवर उभा राहिला की गटाचा म्होरक्या व्हायचा. पुस्तकी हुशारीपलीकडच्या गुणांना तिथे जागा होती आणि ज्याला जागा मिळते तो टिकतो.

कारखान्याने दिलेल्या प्रोजेक्टची गोष्ट आणखी वेगळी. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातला एखादा लघुउद्योजक आपली अडचण मुलांपुढे मांडायचा. भोकं एकसारखी पडत नाहीत, फिक्श्चर करून द्या, इतकी साधी. पुढच्या शनिवारी गेलं की फोरमन विचारायचा, "काय पोरांनो, झालं का?" त्या एका प्रश्नाने जेवढं काम व्हायचं, तेवढं टर्मवर्कच्या गुणांच्या धाकाने कधी झालं नाही. पलीकडे एक माणूस आपल्या कामाची वाट पाहतोय, एवढं पुरेसं असे.

त्या काळात सगळंच चांगलं होतं असं मात्र नाही. मुलींना अंधार पडायच्या आत घर किंवा होस्टेल गाठावं लागे आणि रात्री रंगणाऱ्या खऱ्या कामातून त्या आपोआप बाहेर पडत. ग्रंथालयात हव्या त्या पुस्तकाची एकच प्रत असे. ज्याच्या घरून पैसे येत नसत, तो वर्गणीच्या दिवशी गप्प गप्प असे.

आज यातल्या कितीतरी अडचणी सरल्या आहेत. सुटे भाग घरपोच येतात, पीसीबी छापून मिळतो, थ्रीडी प्रिंटरवर रात्रीत सांगाडा तयार होतो. चौघं चार ठिकाणी बसून एकाच गूगल डॉकमध्ये लिहू शकतात. मुलीही रात्री अकराला होस्टेलच्या खोलीतून कोड तपासू शकतात, ही मोलाची गोष्ट आहे. पण पूर्वी टंचाईने जे काम फुकटात केलं, ते आता कुणी करत नाही. एकमेकांवाचून अडतच नसेल, तर एकत्र यायचं कशाला? मग एकजण सगळं करतो, दुसरा पीपीटी सजवतो आणि दोघांची फक्त नावं लागतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठे उमटतात, काम सरकत नाही. आजची मुलं आळशी आहेत, असं मला मुळीच वाटत नाही. आपण त्यांना कामं वाटून देतो, पण त्या कामाला वाट पाहणारं माणूस जोडून देत नाही.

मुलांमधला हुरूप आटलेला नाही याचा पुरावा पुण्यातच आहे. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. त्या तासाभराच्या एकांकिकेसाठी मुलं महिना-महिना तालमी करतात. पहिल्या वर्षाचा मुलगा खिळे ठोकतो, प्रॉपर्टी सांभाळतो, पडदा ओढतो. त्याचं तोंड प्रेक्षकांना दिसत नाही, तरी भरत नाट्य मंदिरात घोषणा देताना त्याचाच आवाज सगळ्यात वर असतो. दिवा चुकीच्या क्षणी लागला तर नाटक पडेल, हे त्याला ठाऊक असतं. पुढच्या वर्षी आपण रंगमंचावर असू, हेही.

दुसरा पुरावा त्याहून उंच गेला. सीओईपी या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी 2008 मध्ये 'स्वयम्' या छोट्या उपग्रहाचं काम हाती घेतलं. तो अवकाशात गेला 22 जून 2016 रोजी, श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी34 मधून. वजन जेमतेम एक किलो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने, वीज न खर्चता तो आपली दिशा राखेल अशी त्याची रचना होती. आठ वर्षं म्हणजे पदवीच्या दोन पिढ्या. पाया घालणारी मुलं प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी कॉलेज सोडून गेली होती. तरी काम थांबलं नाही, कारण सीनिअर मुलं ज्युनिअर मुलांच्या हाती ते सोपवत गेली आणि पलीकडे इस्रोचे शास्त्रज्ञ प्रत्येक टप्पा तपासायला बसलेले होते. भोसरीचा फोरमन आणि इस्रोचा शास्त्रज्ञ, दोघांनी मुलांसाठी एकच गोष्ट केली: त्यांच्या कामाला गिऱ्हाईक दिलं.

म्हणून गाईड झालेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी कळकळीने सांगतो. विषय ठरवण्याआधी मुलांना बाहेर न्या. मार्केट यार्डातला अडत्या, ससून रुग्णालयातली परिचारिका, मुळशीतला भातशेतकरी, यांच्यापैकी कुणाची तरी अडचण त्यांच्या कानावर पडू द्या. 2017 पासूनच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सरकारी खाती आपले प्रश्न मांडतात आणि मुलं त्यावर जागून काम करतात, ती याच कारणाने. प्रत्येकाच्या वाट्याला असा भाग द्या, जो अडला तर सगळ्यांचं अडेल. दर आठवड्याला कोणी काय केलं हे चौघांसमोर बोलू द्या आणि महिन्याने भूमिका बदला. गुणांचा काही भाग प्रत्येकाच्या स्वतःच्या कामाला ठेवा. रिपोर्ट जमा होण्याआधी तयार वस्तू त्या माणसाच्या हातात जाऊ द्या, त्याला ती वापरू द्या, तिच्यात चुका काढू द्या.

टंचाई परत आणायची कुणाला हौस नाही आणि तिची गरजही नाही. तेव्हा ती आम्हाला एकत्र बांधत होती. आता ते बांधणं शिक्षकाचं काम आहे आणि मला ते अभ्यासक्रम पूर्ण करण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.