मातकट गुलाबी

घराला रंग काढायचं ठरलं की आमच्या बेळगावकडे बोलणं हॉलपासून सुरू होतं. पाहुणे बसतात तिथं कुठला, स्वैपाकघरात कुठला, मुलांना कुठला. घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या खोलीबद्दल कुणी विचारतच नाही. नवरा गेलेली असेल तर उत्तर ठरलेलंच, "तिथं पांढरा असू दे."

माझ्या सासूबाई नऊ वर्षं पांढऱ्या खोलीत राहिल्या. गेल्या दिवाळीआधी शेडकार्ड घरात फिरत होतं, ते मी त्यांच्याही हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"डस्टी पिंक, आजी," रंगारी म्हणाला.

"पिंक बिंक काय नाही बाबा. कावेचा रंग हाय हा."

त्यांचं माहेर निपाणीकडचं. तिथं चुनकळी पाण्यात टाकायची, फसफसून निवली की गाळायची, मग त्यात मूठभर काव आणि भिंतीला धरून राहावं म्हणून डिंकाचं पाणी. ओला असताना गडद दिसणारा हात वाळला की फिका पडायचा. काव म्हणजे लोह असलेली लाल माती. गुलाबीत थोडा करडेपणा किंवा मातीचा पिवळेपणा आला की त्याचा भडकपणा जातो. आज दुकानात मिळणारा हा फॅशनचा रंग त्या जुन्या भिंतींचाच भाऊबंद.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईच्या वयाला गुलाबी? मंदिरातल्या बायका काय म्हणतील?"

सासूबाईंनी ऐकलं. "मंदिरात बायकांनी देव बघावा की. माझी भिंत कशाला बघतात?"

यावर कुणी म्हणेल, पांढरा वैराग्याचा रंग, आपल्या आर्यिका माताजीही पांढरीच साडी नेसतात. खरं आहे. पण त्यांनी ती स्वतः मागून घेतलेली असते. वैराग्य ज्याचं त्यानं घ्यावं. दुसऱ्याच्या भिंतीला आपण फासलं तर त्याला वैराग्य कसं म्हणायचं?

आता कामाचं सांगते. नुसत्या शेडकार्डावर हा रंग ठरवू नका. भिंतीवर 2 फुटांचा चौकोन दोन हात देऊन रंगवा आणि दिवसा, रात्री, दोन्ही वेळा बघा. उत्तरेच्या उजेडात तो करडा वाटतो, पिवळ्या दिव्याखाली एकदम उबदार. मॅट घ्या, चकाकणाऱ्या रंगात भिंतीचे उंचवटे उठून दिसतात. छत पांढरंशुभ्र नको, मोतिया बरं. जुन्या सागवानी कपाटाशी तर याचं छान जमतं. आणि ब्रश घेताना विचारून घ्या, काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. आम्ही नायलॉनचे आणले. खिडकीखाली मुंग्यांची रांग होती, तेवढी भिंत दोन दिवस थांबवली. रंगारी हसला, पण थांबला.

सासूबाई आता दुपारचा स्वाध्याय खोलीतच करतात. पूर्वी हॉलच्या कोपऱ्यात बसायच्या. नणंद दिवाळीला आली, आईच्या कॉटवर बसून बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिली, बोलली काहीच नाही.

तुमच्याकडे शेडकार्ड येईल तेव्हा ते एकदा आतल्या खोलीतही न्या. कदाचित त्या बाई पांढराच निवडतील. निवडू देत की, पण त्यांना निवडू द्या.