बातम्यांनी शिकवलेलं इंग्रजी

१९९९ च्या मे महिन्यात कारगिलचं युद्ध सुरू झालं, तेव्हा माझी बारावी नुकतीच आटोपली होती. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं, गाव सातारा जिल्ह्यातलं, आणि पुढं स्पर्धा परीक्षा द्यायच्या हे ठरलेलं. गावच्या वाचनालयात इंग्रजी पेपर एकच यायचा, तोही दुपारच्या एसटीनं. एरवी त्याला फारसं कुणी हात लावत नसे. त्या उन्हाळ्यात मात्र त्याची वाट बघणारे बरेच झाले, कारण आमच्याकडं प्रत्येक आळीत कुणाचा ना कुणाचा मुलगा फौजेत असतो.

मी सकाळी आकाशवाणीवर दिल्लीहून येणाऱ्या इंग्रजी बातम्या ऐकायचो, मराठीही ऐकायचो आणि दुपारी तोच मजकूर छापील वाचायचो. द्रास, बटालिक, मश्कोह, तोलोलिंग ही नावं रोज कानावर पडत. ठिकाणं ओळखीची झाली की आजूबाजूचे शब्द अर्थासकट डोक्यात बसत. शेलिंग, रिज, सप्लाय रूट असे कितीतरी. पॉइंट ५१४० मधला आकडा शिखराच्या उंचीचा, मीटरमधला, हेही तेव्हाच कळलं. ‘ओव्हरलूक’ हा शब्द तर मला अजून नकाशासकट आठवतो. डिक्शनरीत त्याचे दोन अर्थ होते, दुर्लक्ष करणं आणि उंचावरून खालचं दिसणं. बातमीत होतं की श्रीनगर-लेह महामार्ग ‘ओव्हरलूक’ करणाऱ्या शिखरांवर घुसखोर बसलेत. पेपरातल्या नकाशावर बोट ठेवून बघितलं. रस्ता खाली, शिखरं त्याच्या डोक्यावर. म्हणजे लडाखकडं जाणारा ट्रक वरून दिसणार आणि त्याच्यावर तोफा डागता येणार. एवढ्या उंचीवरच्या उघड्याबोडक्या कड्यांसाठी आपली पोरं जीव का देतायत, ते मला त्या एका क्रियापदानं समजलं.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीला बातम्यांत ‘मिलिटंट’ लिहिलं जायचं. पुढं ‘इंट्रूडर’ रूढ झालं. मग एकेक शिखर परत मिळत गेलं, पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची ओळखपत्रं आणि पगारपुस्तकं हाती लागली आणि ‘रेग्युलर’ हा शब्द आला. रेग्युलर म्हणजे नियमित सैन्यातला शिपाई. पाकिस्तान मात्र ‘मुजाहिदीन’ या शब्दावर अडून होता. कड्यावरचा माणूस तोच होता, पण त्याला काय म्हणायचं यावर दोन देश भांडत होते. तेव्हापासून मी वहीत शब्दासमोर अर्थाबरोबर तो कोण म्हणालं आणि कधी म्हणालं, हेही लिहू लागलो. ही सवय मी आजवर सोडलेली नाही.

आमच्या आळीतल्या एका काकींचा थोरला तोफखान्यात होता. त्याची आंतरदेशीय पत्रं यायची, पण त्यावर पत्ता ‘५६ एपीओ’. त्यावरून पलटण कुठं आहे ते कळायला मार्ग नसतो. एका दुपारी काकी वाचनालयाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आरं, इंग्रजीत जास्त दिलेलं असतंय म्हणं. बघ की जरा, काय लिवलंय.” पानावर कॅज्युअल्टीचा आकडा होता आणि शेजारचा एकजण “एवढे गेले” असं बोलून मोकळा झाला होता. काकींचा चेहरा उतरला. मी त्यांना पायरीवर बसवलं, डिक्शनरी मागून घेतली आणि बातमी शेवटपर्यंत वाचली. म्हटलं, “काकी, यात जखमीपण धरल्यात. गेलेले वेगळे, त्यांची फोड खाली दिलीय. आणि तोफखान्याचं नाव नाही कुठं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तो आकडा परत वाचायला लावला. त्यांचा मुलगा पुढं धडधाकट परत आला. युद्ध संपल्यावर सरकारी आकडे आले, ५२७ जवान शहीद आणि तेराशेहून अधिक जखमी. कॅज्युअल्टीत हे दोन्ही येतात. चारचौघांत पेपर वाचून दाखवणाऱ्याला हा फरक माहीत असलाच पाहिजे, असं मी ठामपणे म्हणतो.

४ जुलैला टायगर हिल सर झाल्याची बातमी आली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ आणि अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांची भेट झाली. त्यांच्या संयुक्त निवेदनात एक वाक्य होतं, की शिमला करारानुसार नियंत्रण रेषा पूर्ववत व्हावी म्हणून ठोस पावलं उचलली जातील. ‘स्टेप्स विल बी टेकन’. ती पावलं उचलणार कोण, हे त्या वाक्यात नव्हतं. शाळेत आम्ही ‘चेंज द व्हॉइस’चे प्रश्न गुणांसाठी घोकले होते. इथं कर्ता गाळल्यामुळं एका पंतप्रधानाला ‘मी माझं सैन्य मागं घेतो’ असं म्हणावं लागलं नाही, कारण तिथं आपलं सैन्य आहे हेच तो देश कबूल करत नव्हता. कर्मणी प्रयोगाचं खरं काम मला त्या दिवशी समजलं.

आता मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेव्हा वर्गातल्या एका मुलीचा मामेभाऊ खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होता. कीव्हमधल्या भारतीय दूतावासाच्या सूचना तिच्या मोबाइलवर येत होत्या. आम्ही त्या तारीखवार फळ्यावर लिहिल्या. १५ फेब्रुवारीला होतं, ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी तात्पुरतं निघण्याचा विचार करावा, ‘मे कन्सिडर’. २० फेब्रुवारीला ‘आर अॅडव्हाइज्ड’. २४ तारखेला रशियाचा हल्ला झाला. २ मार्चला खारकीव्हमधल्या भारतीयांसाठी ‘मस्ट लीव्ह इमिजिएटली’, आणि त्यापुढं ‘रिपीट इमिजिएटली’. वाहन मिळालं नाही तर पायी निघा, अशी सूचनाही त्याच दिवशी आली. मे, अॅडव्हाइज्ड, मस्ट. पंधरवड्यात भाषा कुठून कुठं गेली, ते वर्गानं डोळ्यांनी पाहिलं. त्या मुलीनं भावाला फोन करून शेवटची सूचना शब्दन् शब्द वाचून दाखवली. तो ऑपरेशन गंगा या भारताच्या सुटका मोहिमेच्या विमानानं घरी आला.

त्याच २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरुद्ध ठराव झाला. १४१ देश बाजूनं, ५ विरोधात, आणि भारतासह ३५ जणांचं ‘अॅबस्टेन’. एका विद्यार्थ्यानं बेरीज करून विचारलं, “सर, सभासद १९३ आहेत, मग १२ कुठं गेले?” त्या बारांनी मतदानात भागच घेतला नव्हता. ‘अॅबस्टेन’ म्हणजे गैरहजर नव्हे. सभागृहात बसून, आपलं नाव नोंदवून, कुठल्याच बाजूला मत न देणं. हे मी तासभर समजावून जमलं नसतं, त्या मुलाच्या वजाबाकीनं जमलं.

तयारी करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच आहे. पाच हजार शब्दांच्या छापील याद्या बाजूला ठेवा. चालू असलेला एकच संघर्ष धरा आणि तो पहिल्या दिवसापासून दोन वेगवेगळ्या पेपरांत रोज वाचा. शब्दासमोर अर्थ, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहा. आणि मृतांचा, जखमींचा आकडा आला की तिथं थांबा, बातमी शेवटपर्यंत वाचा, मगच पुढच्या शब्दाकडं जा.