खांद्यावरचा भार आणि चाक

पावसाळ्यात वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) परिसरातील काळ्या जमिनीवर, धुऱ्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला गाजरगवत माजते, तेव्हा ते कापणारे ग्रास कटर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाशी वेगाने फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने गवत छाटणारे यंत्र, चालवणाऱ्याच्या खांद्यावर पट्ट्याने लटकलेले असते. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राचे सात-आठ किलो वजन सुरुवातीला जाणवतही नाही; मात्र इंजिन बंद झाल्यावर बोटांत मुंग्या रेंगाळतात, खांदा रिकामा असूनही ओझे वाहत राहतो, आणि माणूस यंत्र चालवत होता की यंत्र माणसाला, हा प्रश्न तसाच उरतो.

दांड्याला फिरत्या डोक्याच्या थोडे वर, नटबोल्टने आवळायच्या पकडीने चाके जोडली, की भाराचा बराच भाग जमिनीवर जातो आणि कापणीची उंची स्थिर राहते. विदर्भाला ही कल्पना परकी नाही, कारण सायकलचे चाक लावलेला, हाताने ढकलायचा डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधील तण काढणारे औजार, येथील शेतात दिसतो. आणि श्रम हलके व्हावेत पण हात बेकार होऊ नयेत, हा विचार वर्ध्यात १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या, खादी-ग्रामोद्योगांच्या मगन संग्रहालयाच्या मुळाशी आहे.

तथापि ओल्या काळ्या मातीत अरुंद चाक रुतते, त्यामुळे रुंद चाकेच निवडावीत, आणि ती बसवताना दोरीवरचे संरक्षक आवरण कधीही काढू नये.