केवलादेवच्या पाणथळीत

वाचकहो, पावसाळा सरता सरता आपण भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गेलात, तर पाण्यातील बाभळींवर चित्रबलाकांची घरटी गजबजलेली आढळतील. १९८५ साली जागतिक वारसा ठरलेले हे सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे रान पायी वा सायकलीने पाहावे. तेथील शांततेत डीएसएलआर कॅमेऱ्याच्या आरशाची खटखट पक्ष्यांना सावध करू शकते. मिररलेस कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर निःशब्द चालतो. मात्र त्याची बॅटरी सहसा लवकर संपते आणि त्या शटरने वेगवान पंख कधी वेडेवाकडेही उमटतात. जुनी भिंगे अडॅप्टर लावून बहुधा वापरता येतात. तेव्हा घरातला कॅमेरा साथ देत असेल, तर पैसा आधी प्रवासावर खर्चावा. पक्षी आपल्या कॅमेऱ्यासाठी थांबत नाहीत. पाऊसपाणी पाहून येतात आणि निघून जातात.