लिफ्टवाला बोलत नाही

जातीचा कारखाना कसा चालतो ते अमेरिकेनं रेडिओवर ऐकवलं होतं. १९५६ साली. २७ जानेवारीला पहिला भाग, ३ फेब्रुवारीला दुसरा. सीबीएस रेडिओचं 'वर्कशॉप' नावाचं सदर या नभोनाट्यानंच सुरू झालं. ऑल्डस हक्स्लेची १९३२ ची कादंबरी 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', तिच्यावरून केलेलं. निवेदन करायला खुद्द हक्स्ले. शांत, शिकलेला, घरंदाज आवाज. गोष्ट पुढच्या जगाची सांगतो. आपण ऐकली की मागच्या जगाची वाटते.

माणसं आईच्या पोटातून येत नाहीत, बाटलीतून येतात. बाटलीतच जात ठरते. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, इप्सिलॉन. कादंबरीत हक्स्लेनं शब्दही 'कास्ट' हाच वापरलाय. इप्सिलॉनच्या बाटलीत प्राणवायू कमी सोडायचा, म्हणजे मेंदू खुंटतो. कपड्याचे रंगसुद्धा नेमून दिलेले. अल्फाला करडा, डेल्टाला खाकी, इप्सिलॉनला काळा. सगळे खूष. कुणाचं मन बिघडलंच तर गोळी मिळते, तिचं नाव सोमा. हे नाव थेट वेदातल्या सोमावरून उचललेलं. हक्स्ले १९२५-२६ मध्ये हिंदुस्थान हिंडून गेला होता, पुस्तकही लिहिलं त्यावर. म्हणजे जात त्यानं डोळ्यांनी पाहिलेली होती.

त्या बाटल्यांच्या कारखान्याचा आवाज तयार करायला ३ आवाजवाले ५ तास खपले म्हणे. रेडिओवर तो अर्धा मिनिटही वाजत नाही. टिकटिक, ढोल, पाण्याचे बुडबुडे, आणि गाईचं हंबरणं. जातीचा कारखाना काढायचा म्हटल्यावर गाय आलीच!

मी हे मोबाईलवर ऐकलं. मग अकोल्यातल्या आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांना एका रात्री ऐकवलं. अर्धं इंग्रजी त्यांना कळे, अर्धं मी मधेच थांबवून वऱ्हाडीत सांगे. जे नाटकात नाही, पण कादंबरीत आहे, तेही सांगत गेलो. पहिला भाग संपला तसा एक जण म्हणाला, "भाऊ, हे तं आपल्याच गावचं हाये. बाटल्या तेवढ्या नोत्या."

आठ महिन्यांची डेल्टा पोरं. त्यांच्यापुढे चित्रांची पुस्तकं आणि फुलं मांडतात. पोरं रांगत जातात, पुस्तकाला हात लावतात, की भोंगा वाजतो आणि जमिनीतून विजेचा झटका. असं दोनशे वेळा. जन्मात पुन्हा पुस्तकाकडे बघणार नाहीत. हे सांगितलं तेव्हा मागं बसलेला एक पोरगा बोलला, "माह्या आज्याले शाळेच्या पायरीवरून हाकललं होतं. करंट कायले लागते?"

झोपेतले धडे हा या नाटकातला मला सगळ्यात खोल गेलेला भाग. पोरं झोपली की उशीखाली आवाज सुरू होतो. हळू, गोड. बीटाच्या पोराला सांगतो की अल्फा फार हुशार, त्यांना काम फार, तसलं आपल्याला नको. डेल्टांसोबत खेळू नको. इप्सिलॉन तर त्याहून वाईट. आपण बीटा आहोत हेच बरं. कादंबरीत हिशोब दिलाय. एका रात्रीत १२० वेळा, आठवड्यातून ३ रात्री, ३० महिने.

मित्रांनो, वरच्याला मान द्या आणि खालच्याला हाड म्हणा. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. हा बीटाचा धडा फक्त पाटलाच्या घरात वाजत नाही. आपल्या नोकरदारांच्या कॉलन्यांत वाजतो. मांगवाड्याची पोरगी सून म्हणून आणायचा विषय निघाला की आपल्याही घरात वाजतो. भाषणात आपण चारी वर्णांची चिरफाड करतो, आणि रात्री उशीखालचा आवाज बंद करत नाही.

कान ही काही साधी जागा नाही. गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय: शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता. कुणी काय ऐकावं हे ठरवलं की कुणी काय व्हावं हे आपोआप ठरतं, हे त्यांना हक्स्लेच्या आधी कळलं होतं. फरक एवढाच की हक्स्लेचं राज्य कानात सारखं काहीतरी ओतत राहतं, आणि यांनी कान बुजवायची सोय केली.

म्हणून रेडिओ मला आवडायचा. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा एकच रेडिओ होता. माझ्या लहानपणी, १९६० नंतरच्या वर्षांत. आमच्या वस्तीतली माणसं चावडीच्या पायऱ्यांखाली धुळीत बसायची. वर चढायची सोय नव्हती. पण नागपूर केंद्र लागलं की पायरीवरच्याला जेवढं ऐकू जायचं तेवढंच खालच्याला. आवाजावर गोमूत्र शिंपडता येत नाही.

दुसऱ्या भागात व्यवस्थेचा मालक येतो. मुस्तफा माँड. हुशार माणूस, सगळी बंदी घातलेली पुस्तकं त्याच्या तिजोरीत. कादंबरीत त्याला विचारतात, सगळेच अल्फा का नाही बनवत? तो सायप्रस बेटाची गोष्ट सांगतो. तिथं २२,००० अल्फा नेऊन सोडले. हलकं काम करायला कुणी तयार होईना. सहा वर्षांत आपसात लढाई, १९,००० मेले. उरलेल्यांनी हात जोडले, आमच्यावर राज्य करा. म्हणजे काय, तर इप्सिलॉन पाहिजेच. त्याच्यावाचून जग चालत नाही.

इथं मी नाटक थांबवलं. कारण हा प्रयोग वऱ्हाडात झालेला आहे, आणि त्याचा निकाल वेगळा लागला.

ज्या १९५६ च्या जानेवारीत हे नाटक वाजलं त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपूर. माझी आजी मूर्तिजापूरहून गाडीत बसून गेली. अक्षर ओळख नाही. पाळण्यात असल्यापासून तिच्या कानात एकच धडा, आपली पायरी ओळखून ऱ्हाय. १२० वेळा नाही, पिढ्यान् पिढ्या. शास्त्राप्रमाणे तिचा मेंदू खुंटायला पाहिजे होता. ती परत आली, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि पूर्णेत सोडून दिले. नंतर वस्तीनं ठरवलं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत.

गावानं मुस्तफा माँडचाच प्रश्न विचारला. "मंग ढोरं कोन ओढन?" मजुरी बंद केली, चक्कीवर दळण बंद केलं. एकाचा बैल मेला तो दोन दिवस गोठ्यात सडला. तिसऱ्या दिवशी ज्याचा होता त्यानंच नाकाला धोतराचा सोगा लावून दोरानं ओढला. सायप्रससारखं कुणी मेलं नाही. जग बुडालं नाही. फक्त बैलाच्या मालकाला आपल्या बैलाचा वास कळला.

हे आजी सांगायची तेव्हा हसायची. तिला सोमा लागला नाही.

म्हणून या नाटकाबद्दल माझी तक्रार आहे. चांगलं आहे, जरूर ऐका. पण त्यात दुःख होतं ते अल्फाला. बर्नार्ड मार्क्स कुढतो, तो अल्फा. त्याचा कवी दोस्त, तोही अल्फा. जॉन बाहेरून येतो, शेक्सपिअर वाचून. बंड करायला यांना एक वाचलेला माणूस लागतो, आणि तो डेल्टांच्या गोळ्या खिडकीतून फेकून देतो तेव्हा डेल्टा त्याच्याच अंगावर धावून जातात. खालच्या माणसाला मुक्ती नको असते, असं हक्स्लेला वाटलं. कारखान्यावर त्याचा राग खरा होता. पण कारखान्यातून निघालेल्या माणसावर त्याचा विश्वास नव्हता.

कादंबरीत एक लिफ्टवाला आहे. इप्सिलॉन, माकडासारखा दिसणारा. लिफ्ट गच्चीवर पोचते, दार उघडतं, ऊन अंगावर येतं, आणि तो हरखून गच्ची, गच्ची म्हणत राहतो. तेवढ्यात भोंग्यातून हुकूम येतो, खाली जा. तो खाली जातो. दीड पानात संपतो. त्यानं काय पाहिलं ते हक्स्लेनं विचारलं नाही.

अभ्यासिकेतल्या दोघांनी त्याच्यावर श्रुतिका लिहायला घेतली आहे. वऱ्हाडीत. मोबाईलवर रेकॉर्ड करून वस्त्यावस्त्यांत ऐकवायची. आवाजाची सामग्री जमते आहे: लिफ्टच्या दाराला रॉकेलच्या डब्याचं झाकण, भोंग्याला सायकलचा पंप आणि पिपाणी. गाय घेतलेली नाही. भोंगा म्हणतो, खाली जा. त्यावर लिफ्टवाला काय बोलतो यावरून तीन रात्री भांडण चालू आहे. एक म्हणतो, त्यानं लिफ्ट फोडावी. दुसरा म्हणतो, फोडायची कायले, दार उघडं ठेव अन् खालच्यांना वर आन.