नादिरशाही

गेल्या उन्हाळ्यात भोपाळास जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त तेथील महाराणा प्रताप नगरात राहते. शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी तो भाग भरून गेला आहे. ज्या राण्याने अकबरापुढे मान तुकवली नाही, त्याच्या नावाच्या वस्तीत मुले परीक्षेपुढे मान खाली घालून बसलेली! असो. रात्री जपमाळ झाली आणि आजोबांनी नातवाचा मोबाईल कपाटात कुलूपबंद केला. "आजोबा, ही शुद्ध नादिरशाही आहे," मुलगा म्हणाला. सर्व हसले. आम्ही मात्र दचकलो.

नादिर या अरबी शब्दाचा अर्थ दुर्मिळ, अपूर्व. असे सुंदर नाव धारण करणारा नादिरशहा १७३६ साली इराणच्या तख्तावर बसला. फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नाल येथे मोगल बादशहाचा पराभव करून तो मार्चमध्ये दिल्लीत शिरला. तो मेल्याची अफवा उठली व शहरात त्याचे काही शिपाई मारले गेले. तेव्हा चांदणी चौकातील सोनेरी मशिदीत बसून त्याने कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसे मेली. मयूरासन व कोहिनूर घेऊन तो परत गेला. त्याचे नाव मात्र आपल्या भाषेत राहिले. ज्या निजामाला बाजीरावांनी डिसेंबर १७३७ मध्ये याच भोपाळात कोंडले होते, तोही कर्नालला बादशहाच्या बाजूस होता. आणि त्याच १७३९ च्या मे महिन्यात आपला वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती आला.

ग्रीकांचा 'तिरान्नोस' हा शब्दही आरंभी वारसाहक्कावाचून सत्ता घेणाऱ्यास लावीत, असे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. क्रूरतेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. 'जुलूम' मूळचा अरबी. जुने अरबी कोशकार त्याचा अर्थ देतात, वस्तू तिच्या जागी न ठेवणे. रक्ताचा त्यात उल्लेखही नाही.

नादिरशहाने संशयावरून आपल्या मुलाचे, रझाकुलीचे, डोळे काढविले आणि १७४७ साली स्वतःच्याच सरदारांच्या हातून तो मेला, हे आम्ही सांगितले. मुलगा एकदा आजोबांकडे व एकदा कपाटाकडे पाहत होता. "मग आमचे आजोबा पुष्कळच बरे म्हणायचे," तो म्हणाला.

आमच्या दचकण्याचे कारण घरचेच होते. गतवर्षी सणाच्या तोंडावर मुलांच्या चेंडूने देवळाची एक काच फुटली. आम्ही कोणाला न विचारता आवाराला कुलूप लावले. मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध बाई म्हणाल्या, "फादर, ही नादिरशाही झाली." आम्हांला राग आला. एका काचेपायी एवढा मोठा शब्द! पण त्या रात्री झोप येईना. आवाराची जागा कोणाची होती? ती मैदानासाठीच गावाने सोडली होती, आणि आम्ही तिचे कोठार केले होते.

परतल्यावर किल्ली त्या बाईंच्या नातवाकडे दिली. काच अजून बसवायची आहे. मुले वर्गणी काढीत आहेत.