पुढें काय झालें?

मी गणिताचा शिक्षक. तीस वर्षें जळगांवांत मुलांना बीजगणित शिकविलें आणि सेवानिवृत्त झालों. कल्पित कथांचा मला कधींच नाद नव्हता. त्यांतून परदेशी, आणि त्यांतूनही आकाशांत तरवारी घेऊन लढणाऱ्या माणसांची कथा म्हणजे माझ्या दृष्टीनें वेळेचा निव्वळ अपव्यय. असें असतां अशा एका कथेचा उत्तरभाग कसा असेल, ह्या विषयावर मीं दोन महिने एका तेरा वर्षांच्या मुलाशीं गंभीरपणें वाद घातला, हें वाचून माझे जुने विद्यार्थी हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. पण आधीं हकीकत ऐकावी.

आमचें कुटुंब दोन गांवांत विभागलेलें आहे. थोरले बंधु, वहिनी व त्यांचा परिवार धुळ्यास. मी, धाकटे बंधु व आमचीं मुलेंबाळें जळगांवीं. सणवार आणि श्राद्धपक्ष एकत्र होतात. पारोळा-एरंडोलवरून जाणारी एस. टी. म्हणजे आपल्या दोन घरांमधली ओसरीच आहे, असें वहिनी म्हणत. २०१४ च्या भाद्रपदांत बंधूंचा एकुलता एक मुलगा अल्पशा आजारानें गेला. वय अवघें एकेचाळीस. सूनबाईंची नोकरी धुळ्यास. घर तर सुन्न होऊन गेलेलें. शेवटीं सर्वांच्या विचारें त्यांच्या मुलाला शिक्षणासाठीं आमच्याकडे आणलें.

मुलगा गुणी होता. सांगितलेलें सर्व करी, पानांत वाढलेलें खाई, तिन्हीसांजेला देवाजवळ हात जोडी. बोलत मात्र नसे. "हो," "नाहीं" आणि "चालेल" एवढ्या तीन शब्दांवर त्यानें जवळजवळ वर्ष काढलें. आमच्या सौ. म्हणत, "हा मुलगा रडला असता तर बरें झालें असतें." मी शिक्षक असूनही मला कांहीं सुचत नव्हतें.

२०१५ च्या दिवाळीपूर्वीं शाळेंतून बोलावणें आलें. नातवानें वर्गांतल्या एका मुलाच्या थोबाडींत मारली होती. कारण विचारतां दोघेही गप्प. संध्याकाळीं मी त्याला घेऊन ओट्यावर बसलों आणि कांहीं न विचारतां अडकित्त्यानें सुपारी कातरीत राहिलों. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "आबा, तो म्हणाला कीं ल्यूक वाईट झाला. ल्यूक वाईट होणार नाहीं. बाबांनीं मला सांगितलें होतें."

एका दमांत एवढीं वाक्यें मीं त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलीं. हा ल्यूक कोण, हें मला ठाऊक नव्हतें. मीं सुपारी खालीं ठेवली आणि म्हणालों, "मला पहिल्यापासून सांग."

त्यानें जें सांगितलें त्याचा सारांश असा. जॉर्ज लुकस नांवाच्या अमेरिकन दिग्दर्शकानें १९७७ सालीं 'स्टार वॉर्स' हा चित्रपट काढला. वाळवंटांतल्या एका शेतावर काका-काकूंजवळ वाढलेला ल्यूक हा पोरका मुलगा त्याचा नायक. १९८० च्या दुसऱ्या पटाच्या अखेरीस काळ्या चिलखतांतला क्रूर शत्रु त्याला सांगतो, कीं मीच तुझा बाप. हें खरें कीं लबाडी, ह्यावर जगांतले प्रेक्षक १९८३ पर्यंत, तिसरा पट येईतों, तीन वर्षें तर्क लढवीत बसले होते. तिसऱ्या पटांत तें खरें ठरतें. पण ल्यूक बापावर अखेरचा वार करीत नाहीं, तरवार टाकून देतो, आणि मरतां मरतां बाप शुद्ध होतो. तेथें ल्यूकची कथा थांबली, ती बत्तीस वर्षें थांबली. आतां २०१५ च्या डिसेंबरांत पुढचा भाग यावयाचा होता. त्याचें भित्तिपत्रक ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यावर सर्व जुनी मंडळी होती. ल्यूक मात्र नव्हता. तो कोठें गेला? तोच नवा खलपुरुष झाला असला पाहिजे, असा तर्क पुष्कळांनीं केला. त्या वर्गबंधूनेंही केला, आणि थोबाडींत खाल्ली.

माझ्या पुतण्यानें हे पट लहानपणीं धुळ्यास कॅसेटवर पाहिले होते आणि पुढें मुलालाही दाखविले होते. धुळ्याहून जळगांवीं येतांना एस. टी. मध्यें तो मुलाला 'पुढची' गोष्ट सांगे. ती अशी, कीं ल्यूकनें सैन्य सोडलें, एका लहानशा गांवीं शाळा काढली, आणि तरवार केव्हां उचलूं नये हें तो मुलांना शिकवीत बसला आहे. एरंडोल आलें कीं गोष्ट थांबे. उरलेली परतीच्या प्रवासांत. एका खेपेची परत आलीच नाहीं.

आतां माझ्या लक्षांत आलें. इतर मुलांना तो चित्रपट म्हणजे एक करमणूक होती. ह्याला मात्र त्यांत आपल्या बापाचा शब्द खरा ठरतो कीं खोटा, हें पाहावयाचें होतें.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळीं आमची ओट्यावर बैठक भरूं लागली. मीं गणितज्ञाप्रमाणें शंका काढाव्या, त्यानें निरसन करावें. "भित्तिपत्रकावर नाहीं, म्हणजे वाईट झाला, हें सिद्ध होत नाहीं, फक्त अनुपस्थिति सिद्ध होते," असें मीं म्हटलें, तेव्हां तो वर्षानंतर पहिल्यानें हंसला. हळूहळू घरांतलीं सर्व मुलें जमूं लागलीं. धाकट्या बंधूंच्या मतें ल्यूक हिमालयासारख्या ठिकाणीं तपश्चर्येस गेला असावा, सौ. च्या मतें त्याचें लग्न झालें असून तो संसारांत पडला असावा.

ह्या बैठकींत बाजारही शिरला. ४ सप्टेंबर २०१५ च्या मध्यरात्रीं देशोदेशींच्या दुकानांनीं दारें उघडून नव्या पटांतल्या पात्रांचीं खेळणीं विकलीं होतीं. पट लागावयास अजून साडेतीन महिने होते. "बाहुली आधीं आणि गोष्ट मागून?" असें सौ. नीं विचारलें. मलाही कुतूहल वाटून मीं थोडें वाचन केलें. लुकसनें पहिल्या पटाच्या वेळीं अधिक मेहनताना न मागतां उत्तरभागांचे आणि खेळण्या-वस्तूंचे हक्क आपल्याकडे ठेवले होते. चित्रसंस्थेनें ते किरकोळ समजून देऊन टाकले, आणि त्यांतूनच त्याची अपार संपत्ति उभी राहिली. १९७७ च्या नाताळांत तर एक नवल घडलें. केनर ह्या खेळण्यांच्या कंपनीच्या बाहुल्या वेळेवर तयार झाल्या नाहींत. तेव्हां तिनें पुठ्ठ्याचीं रिकामीं पाकिटें विकलीं. आंत एक पत्र. तें पोस्टानें धाडलें म्हणजे चार बाहुल्या पुढील वर्षीं घरपोंच मिळावयाच्या. लोकांनीं तीं पाकिटें विकत घेतलीं! पुढें ३० ऑक्टोबर २०१२ रोजीं डिस्ने कंपनीनें लुकसची संस्था सुमारें ४०५ कोटी डॉलरांस घेतल्याचें जाहीर झालें, आणि 'पुढें काय झालें' हें सांगण्याचा कायदेशीर अधिकार तिच्याकडे गेला.

नातवाला प्रकाशाची तरवार हवी होती. किंमत ऐकून मीं नकार दिला. सौ. नीं दोन दिवस माझ्याशीं अबोला धरला. शेवटीं धाकट्या बंधूंनीं पाण्याची पांढरी नळी कापून आणली, कारण ठिबक सिंचनाच्या ह्या गांवांत नळ्यांना काय तोटा! तिच्या तोंडाशीं विजेरी बसविली आणि निळा कागद लावला. दिवे मालवून ती पेटविली, तेव्हां घरांतलीं सगळीं मुलें ओरडलीं. त्यांत नातवाचा आवाज सर्वांत मोठा होता.

जगांत बहुतेक ठिकाणीं तो पट १८ डिसेंबरपर्यंत लागला; हिंदुस्थानांत त्या दिवशीं 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी' लागले, म्हणून हा एक आठवडा मागून, २५ डिसेंबरला. तो आठवडा नातवानें कोणी शेवट सांगूं नये म्हणून कानांत बोटें घालून काढला. आम्ही वडील मंडळी मात्र बाजीराव पाहून आलों. त्याचा शेवट १७४० सालीं रावेरखेडीस झाला, हें आमच्या घरांतल्या सर्वांस तोंडपाठ, तरीही सौ. नीं डोळे पुसलेच. शेवट ठाऊक असलेली गोष्टही माणसें पुनः ऐकतात, मग न ठाऊक असलेलीची ओढ किती असेल, हें मला त्या दिवशीं पटलें.

आमच्या गांवीं तो पट केव्हां लागेल ह्याचा नेम नव्हता, म्हणून मीं नातवाला गाडीनें नाशिकास नेलें. सबंध पटभर ल्यूकचा केवळ शोध चालतो. अगदीं शेवटच्या दृश्यांत समुद्रांतल्या एका डोंगरावर पिकल्या दाढीचा तो उभा दिसतो. एक मुलगी त्याची जुनी तरवार त्याच्यापुढें धरते. तो एक शब्दही बोलत नाहीं, आणि पडदा पडतो. बाहेर आल्यावर नातू म्हणाला, "आबा, त्यानें तरवार घेतली नाहीं. बाबांचें अजून खोटें ठरलेलें नाहीं." परतीच्या गाडींत तो माझ्या खांद्यावर डोकें ठेवून रडला. सौ. ज्याची वाट पाहत होत्या तें रडणें तें.

ह्यापुढचा भाग २०१७ च्या डिसेंबरांत आला. त्यांत ल्यूक ती तरवार हातीं घेतो आणि खांद्यावरून मागें फेंकून देतो. पुढें कळतें, कीं त्यानें खरोखरच शाळा काढली होती. पण एका रात्रीं आपल्याच भाच्याच्या मनांतला काळोख पाहून क्षणभर भ्यालेल्या ल्यूकनें झोंपलेल्या त्या मुलावर शस्त्र उपसलें, आणि त्यांतून शाळेची राख झाली. जगांतल्या अनेक चाहत्यांना हें रुचलें नाहीं. कित्येकांना तेंच सर्वांत खरें वाटलें. आमचा नातू तेव्हां पंधरा वर्षांचा होता. तो घरीं येऊन म्हणाला, "शाळा काढली होती, आबा. पण त्यांनीं ती जाळून टाकली. बाबांची गोष्ट त्यांनीं विकत घेतली आणि मोडली."

मीं त्यास तत्काळ उत्तर दिलें नाहीं. रविवारीं त्याला घेऊन चाळीसगांवजवळच्या पाटणादेवीस गेलों. डोंगराच्या कुशींतलें तें स्थान मला फार प्रिय आहे. त्या परिसरांत सांपडलेल्या शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ च्या शिलालेखाची हकीकत मीं त्याला सांगितली. आकाशाचें गणित करणाऱ्या भास्कराचार्यांना ती विद्या पिता महेश्वर ह्यांनीं शिकविली. त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० मधला. त्यांच्या पश्चात् नातू चांगदेव ह्यानें पाटणास मठ स्थापिला, तो आजोबांचे ग्रंथ मुलांना शिकविले जावेत म्हणून. त्या मठाचा खर्च कसा चाले? पेठेंत उघडणाऱ्या मालावरील कराचा हिस्सा आणि घाण्याचें तेल त्याला लावून दिलें होतें. म्हणजे बाजार तेथेंही होता. मी बाजाराला नांवें ठेवीत नाहीं. पण तेथें पेठ विद्येची चाकरी करीत होती. विद्येनें पेठेची करावयाची नव्हती.

मग मीं त्याला बाणभट्टाची गोष्ट सांगितली. 'कादंबरी' अर्धी राहिली आणि बाण वारला. उत्तरभाग त्याचा पुत्र भूषणभट्ट ह्यानें लिहिला. आरंभीं तो म्हणतो, कीं कवित्वाच्या गर्वानें मी हें करीत नाहीं. कथा तुटल्याचें सज्जनांस दुःख झालें, म्हणून करतों. विद्वान् सांगतात, कीं पुत्राची लेखणी पित्याच्या तोडीची नाहीं. असेल, पण त्या उत्तरभागाचा अधिकार त्यानें पैसे मोजून घेतला नव्हता.

"ज्यांनीं ४०५ कोटी मोजले," मी म्हणालों, "त्यांना त्यांचा उत्तरभाग सांगूं दे. तो तुला पटो वा न पटो, तोही कोणी मनापासून लिहिला असेल. पण तुझ्या बाबांचा उत्तरभाग त्यांनीं घेतलाच कोठें? तो त्यांना विकला कोणीं? तो एरंडोलपर्यंत आलेला आहे. पुढचा कोणाकडे आहे, तें तुझें तूं पाहा."

तो कांहीं बोलला नाहीं. परत येतांना सबंध वाट खिडकीबाहेर पाहत होता. पण ते मौन पहिल्या वर्षाचें नव्हतें, एवढें मला कळलें.

ह्या गोष्टीला आतां पुष्कळ वर्षें झालीं. २०१९ सालीं त्या मालिकेचा नववा भाग येऊन गेला. २०२४ च्या जानेवारींत आणखी एका नव्या पटाची घोषणा झाली, आणि पुनः जगभर तर्कांना ऊत आला. त्या वर्षीं दिवाळीला नातू शिक्षणाच्या गांवाहून आला होता. धाकट्या बंधूंची सहा वर्षांची नात त्याच्या मांडीवर चढून विचारूं लागली, "त्या ल्यूकचें पुढें काय झालें रे दादा?"

"सिनेमांतलें विचारतेस कीं खरें?" त्यानें विचारलें.

"खरें."

मग त्यानें आपल्या वडिलांची गोष्ट सांगावयास सुरुवात केली: लहानसें गांव, ती शाळा, कोनाड्यांत ठेवून दिलेली तरवार. मी अडकित्ता थांबवून ऐकत होतों. ठाऊक असलेली गोष्ट एरंडोलच्या पुढें गेली, तेव्हां सूनबाई स्वयंपाकघरांतून येऊन दाराशीं उभ्या राहिल्या. त्या शाळेंत आतां गणित शिकविणारा एक म्हातारा आला होता. तो मुलांना फार शंका विचारी आणि सारखा सुपारी कातरी. हें मात्र माझ्या पुतण्यानें सांगितलेलें नसावें.